वायच, सेकंदांत

रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये गेलं वर्षभर एका रबराने माझं डोकं खाल्लं. पातळसा, पारदर्शक पापुद्रा. दोन्ही अंगांना कार्बनचं ग्रीस फासायचं, काही हजार व्होल्ट द्यायचे, की तो दबून पसरतो; वीज काढली की आकसतो. यातून उद्या मऊ, कृत्रिम स्नायू करता येतील, म्हणून त्याची हालचाल आम्हाला गणितात बसवायची होती. गणित म्हणायचं, वीज दिली की लगेच पसर. रबर आधी पटकन थोडं पसरायचं आणि उरलेलं आपल्या सवडीने. मी तापट बाई. टेबलावर हात आपटायचे.

माझी एम.टेक.ची विद्यार्थिनी मंडणगडकडची. स्क्रीनवरच्या रेषेवरची नजर न हलवता ती म्हणायची, "वायच थांबा, मॅडम. येतंय ते." वायच म्हणजे त्यांच्याकडे जरासं. शेवटी रबराची ही दिरंगाई आम्ही समीकरणात घेतली, तेव्हा कुठे गणित आणि चाचणी जुळली. लॅबमध्ये आम्ही सगळेच रबराच्या त्या वेळाला 'वायच' म्हणू लागलो.

पोरगी स्वतःही तशीच. प्रश्न विचारला की आधी गप्प. उत्तर मागाहून, पण पक्कं. तेवढं थांबायला वेळ कुणाला असतो? नोकरीच्या दोन मुलाखतींतून 'हिला काही येत नाही' म्हणून परत आली होती. तोंडी परीक्षेतही तेच झालं तर ती स्वतःच तसं मानू लागेल, या भीतीने मला अन्न गोड लागेना.

परीक्षेला बाहेरून एक सर आले. प्रबंध चाळता चाळता एका आलेखापाशी थबकले. आलेखाखाली चुकून तसंच राहून गेलं होतं: 'वायच, सेकंदांत'.

"हे वायच काय असतं?" सर हसले.

ती गप्प. सरांनी पान उलटलं. उत्तर माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "सर, वायच थांबा."

"वीज दिल्यावर रबराला पुरतं पसरायला जो वेळ लागतो, तो," ती म्हणाली. "आधी आम्ही तो धरलाच नव्हता. वाटलं, रबरातच खोट आहे."

ती पुन्हा थांबली. कुणी मध्ये बोललं नाही.

"खोट गणितात होती, सर."

सरांनी उलटलेलं पान परत मागे घेतलं. पुढचा प्रश्न विचारला, पेन खाली ठेवलं आणि थांबले.