भूक वाढली का?

बायको गेल्यावर मी जेवण सोडलं असं म्हणतात, पण मी सोडलं नव्हतं, ते सुटलं. सकाळी चहा, दुपारी दोन-चार बिस्किटं. शेजारून कालवणाची वाटी यायची, ती मी झाकून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी मांजरापुढे ठेवायचो. सणसरच्या घरात आम्ही दोघंच राहत होतो. एकुलती मुलगी लग्नानंतर परदेशात गेलेली. मी वालचंदनगरला शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेलो, त्यामुळे दिवसभर पुस्तक घेऊन बसणारा माणूस गावात कुणाला वेगळा वाटत नव्हता. तासभर पान उलटलेलं नाही, हे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसत नाही.

थंडी सरेपर्यंत खुर्चीतून उठायला टेबलाचा आधार लागू लागला. पँट कमरेवर राहीना. बारामतीच्या डॉक्टरांनी माझा दंड दाबून पाहिला आणि म्हणाले, "सर, स्नायू झिजत चाललेत." त्यांच्या रुग्णालयात तेव्हा एका नव्या गोळीचा अभ्यास चालू होता. गोळी अजून दुकानात आलेली नव्हती. अशक्त झालेल्या वयस्कर माणसांना तिचा उपयोग होतो का, हेच पाहायचं होतं.

अभ्यासाचं काम बघणाऱ्या मॅडमनी माझ्या संमतीचं चित्रीकरण करायला मला कॅमेऱ्यासमोर बसवून सगळं समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, ती वाढीचं संप्रेरक सोडते. वय झालं की ते कमी होत जातं. ही गोळी बाहेरून संप्रेरक देत नाही, त्या ग्रंथीलाच जागं करते. रिकामं पोट मेंदूला जो निरोप पाठवतं, त्याची ही नक्कल आहे, त्यामुळे भूकही लागेल. पाय सुजतील कदाचित, साखर चढेल कदाचित. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळणार, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती मिळाली हे डॉक्टरांनाही कळणार नाही.

"नॉमिनी म्हणून मिसेसचं नाव घालू ना?" त्यांनी सवयीनं विचारलं.

"मुलीचं घाला," मी म्हणालो.

तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी जावं लागे. रक्त देऊन झालं की बाकावर बसायचं आणि ताकद मोजायला बोलावण्याची वाट बघायची. तिथं लासुर्ण्याच्या एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. हातात काठी, कमरेत वाकलेल्या, आवाज मात्र शिवारभर जाईल असा. मी कुठला, कोण, सगळं त्यांनी विचारून घेतलं. माझी बायको लासुर्ण्याची म्हटल्यावर त्या सरसावून बसल्या.

"मंग तुमी आमच्या गावचं जावाय की! आन् आमची पोरगी कुठं हाय?"

"गेली," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "ह्या गोळीनं काय व्हतंय म्हनं?"

"वाढीचं संप्रेरक वाढतं."

"वाढायच्या वयात कुणी इचारलं न्हाय, आन् आता काठी धरल्यावर काय वाढायचं? शिंगं?"

आम्हाला बोलवायला आलेल्या मॅडम हसल्या. मुठीची ताकद मोजायचं यंत्र त्यांनी आधी माझ्या हातात दिलं. मी जोर लावला. काटा जरासा हलून थांबला. मग बाईंनी दाबलं आणि काटा माझ्या पुढं गेला.

"मास्तर, जन्मभर खडूच धरला व्हय?" त्या म्हणाल्या. मलाही हसू आलं. ती गेल्यानंतर मी हसलो असेन तर बहुधा तेव्हाच पहिल्यांदा.

मॅडम छापील प्रश्न वाचू लागल्या. "आजी, भूक वाढली का?"

"वाढली म्हंजी जास्त झाली का सपली, नीट बोल बाई."

मॅडम गोंधळल्या. त्या शहरात वाढलेल्या. मला मात्र एकदम घर आठवलं. माझ्या बायकोच्या तोंडून 'संपलं' हा शब्द मी कधी ऐकला नाही. कुंकू वाढलं, तांदूळ वाढले, हातातली बांगडी वाढली. नवी सून असताना माझ्या आईनं शिकवलेलं नव्हे, लासुर्ण्याहूनच ती हे घेऊन आली होती. दुकानात निघालो की सांगायची, "साखर वाढलीय, आणा." आणि मी पानावर बसलो की तीच वाढायची. आपल्या हातानं वाढून घेतलेलं तिला खपत नसे. ती म्हणायची, "मी हितं असताना तुमी कशाला उठता?"

भूक आली ती अशीच, न विचारता. गोळी सुरू होऊन काही आठवडे झाले होते. एका संध्याकाळी पोटात कालवल्यासारखं झालं आणि मला ते काय आहे तेच ओळखता येईना. आधी वाटलं पित्त असेल. मग शेजारची वाटी उघडली आणि ओट्याशी उभ्यानंच वांग्याचं कालवण संपवलं. वाटी बोटानं पुसून घेतली. भिंतीवर तिचा फोटो होता. त्याच्याकडे मी पाठ फिरवून उभा राहिलो होतो, हे वाटी धुताना लक्षात आलं.

पुढं रोज तेच होऊ लागलं. मी कुकर लावायला शिकलो. वजन सावरलं, खुर्चीतून उठताना हात टेबलाकडे जाईनासा झाला. मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, चेहरा भरलाय. मला त्याची लाज वाटायची. चाळीसहून जास्त वर्षांची सोबत, तिच्यामागे माझ्या शरीरानं इतक्या लवकर पोळीची वाट बघावी? मग मी स्वतःला सांगायचो, हे माझं नाही, गोळीचं आहे. खरी गोळी आली असली म्हणजे झालं. तसं असेल तर मी अजून जिथं होतो तिथंच आहे आणि भूक ही फक्त एक नक्कल आहे. पण माझ्या वाट्याला औषध नसलेली गोळी आली असेल, तर ही भूक कुणाची?

मी मॅडमना विचारलंही. "अंदाज तरी?"

"सर, मला खरंच माहीत नसतं. सगळ्यांचा अभ्यास संपेपर्यंत कुणालाच नसतं."

डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला बरं वाटतंय ना? मग झालं." त्यांना मी काय सांगणार, की बरं वाटणं हीच तक्रार आहे.

ठरलेली मुदत भरली आणि माझ्या गोळ्या बंद झाल्या. गोळीचा अंमल असलाच तर थोड्या दिवसांत उतरेल, असं सांगितलं होतं. शाळेतली मुलं परीक्षेच्या निकालाची वाट बघत, तसे ते दिवस मी काढले. भूक जावी, असं मला मनापासून वाटत होतं. सकाळी उठलो की आधी पोटाचा कानोसा घ्यायचो. भूक तिथंच असायची. आठवडे गेले. उसाच्या फडातून वारा यायचा, शेजारी भाकरी भाजल्याचा वास यायचा आणि माझ्या तोंडाला पाणी सुटायचं.

शेवटच्या तपासणीला लासुर्ण्याच्या बाई आल्या होत्या. रक्त देऊन झाल्यावर त्यांनी बाकावर फडकं सोडलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा.

"घ्या जावाय. मला तर पिठाचीच गोळी मिळाली बगा. आधी खात व्हते तेवढंच खाते."

मी पहिला तुकडा मोडला आणि का कोण जाणे, त्यांना सांगून टाकलं. "गोळी बंद झाली, तरी भूक जात नाही."

"मंग ती तुमचीच हाय," त्या कांदा फोडत म्हणाल्या. "कुणाची चोरून आनली व्हय? खावा."

मी खाल्लं. त्यांनी मला न विचारता आणखी अर्धी भाकरी दिली, तीही खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं तर ते चटणीमुळे आलं असं त्यांनी समजून घेतलं असावं, कारण पाण्याची बाटली पुढं केली.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. काय जेवलात, असं तिनं विचारलं. भाकरी-चटणी, मी सांगितलं. मग म्हणालो, "मला भूक लागते गं. गोळीशिवाय लागते."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"बाबा," ती म्हणाली, "मला तर आई गेली त्याच दिवशी लागली होती. तिकडे येताना, विमानात. दिलेलं सगळं जेवले मी. कुणाला सांगितलं नाही."

तिच्याकडे कुठंतरी नळ चालू होता. मग तिनं विचारलं, भाकरी कुणी दिली. मी म्हणालो, तुझ्या आजोळच्या एक बाई आहेत, फार बोलतात.