गर्दीतला पहिला गिऱ्हाईक

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या. कुठल्या गावची कुठली, ते डायरी बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण एक केस तशीच्या तशी डोळ्यासमोर आहे. ती ना खुनाची होती ना दरोड्याची. धसईच्या बाजारात करांदे, म्हणजे रानातले कंद, विकणाऱ्या एका बाईच्या फोटोची ती केस.

मी सातवी शिकलो. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शहापूर आणि मुरबाड ह्या दोन तालुक्यांबाहेर फारसा गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण केस इंटरनेटची होती आणि ती मी सोडवली. ज्याला हसायचं आहे त्याने इथंच हसून घ्यावं.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. कल्याणचा एक गृहस्थ ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. त्याने तेलाची एक बाटली आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

"हिला आत घ्या," म्हणाला. "माझ्या आईच्या गुडघ्यांची साल निघालीय हिच्या तेलाने."

मोबाईलवर एक वेबसाईट उघडी होती. जंगलातल्या वैदूबाईचं तेल, सात पिढ्यांची विद्या, असं बरंच काही लिहिलेलं. वर एका बाईचा मोठा फोटो. डोक्यावर पदर, पुढ्यात टोपली, चेहरा असा की कोणालाही आपल्या मावशीची आठवण यावी. गृहस्थ फोटो घेऊन मुरबाडला आला होता. स्टँडवर दोघा-चौघांना दाखवला, तर एका जीपवाल्याने लगेच ओळखलं. धसईच्या बाजारात बसते म्हणाला. गृहस्थ बाजारात जाऊन भर माणसांत तिला नको ते बोलला, आणि मग आमच्याकडे आला.

"पण तुम्ही असं कोणाचंही तेल कसं काय घेतलंत?" मी विचारलं.

"कोणाचंही कसं? चौदा माणसांनी चांगलं म्हटलंय. बघा ना, सगळ्यांनी पान जपून ठेवलंय."

मला त्यातलं काही कळलं नाही. पण कळलं नाही असं मी दाखवलंही नाही.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवत नाहीत, आपण घरी जायचं असतं. आमच्या महिला पोलीस शिपायाला बरोबर घेतलं आणि बाईच्या गावी गेलो. बाई विधवा, दीड-दोन एकर भात आणि बाजारची टोपली ह्यावर घर चालवणारी. ओटीवर बसून करांद्यांची माती काढत होती. शेजारी तिचा दीर उभा.

"आले बघ पोलीस," दीर म्हणाला. "वैदीण झालीस, आमाला सांगितलं पन नायस!"

"तुमी गप ऱ्हा भावजी." बाईने मान वर केली नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सायेब, माझंच गुडघं दुखतात. मला माझं बरं करता येत नाय, मी लोकांचं काय करनार?"

आमची शिपाई हसली. मलाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात दारामागून नाक ओढल्याचा आवाज आला. मुलगी होती. तिचा साखरपुडा ठरलेला. मुलाकडचे मुरबाडजवळच्या गावचे, शब्दाची माणसं. त्यांचा निरोप आला होता, आठ दिवसांत खरं काय ते कळवा, नाहीतर आम्ही मोकळे.

"सायेब, मी औषध इकलं नाय, पाप केलं नाय," बाई म्हणाली. "उद्या मला कोनी काय म्हनेल ते म्हनू दे. पन हिच्या नावाला लागलं तर ते निघायचं नाय."

मी पंचवीस हजार माणसं खोटं बोलताना बघितली असतील. खोटं बोलणारा माणूस आधी स्वतःला वाचवतो. ही मुलीला वाचवत होती. मी तिथंच ठरवलं की ह्या बाईचं नाव आरोपीच्या रकान्यात जाणार नाही.

साहेबांचं मत वेगळं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. फोन नंबर बंद, सिमकार्ड तिसऱ्याच माणसाच्या नावावर, पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा. वेबसाईट कोणाची म्हणून कंपनीला पत्र गेलं होतं, पण त्याचं उत्तर यायला महिना. साहेब म्हणाले, "फोटो तिचा आहे. आठ दिवस देतो. दुसरं नाव आणा, नाहीतर हेच नाव जाईल."

"आणतो," मी म्हटलं.

"कसं आणाल? कॉम्प्युटर चालू करता येतो का तुम्हाला?"

"नाय येत. पण माणूस चालू करता येतो."

बाहेर आल्यावर आमची शिपाई म्हणाली, "काका, जरा जास्तच बोललात." ही बाई तीस-बत्तीसची, दोन लेकरांची आई, आणि ठाण्यातल्या कॉम्प्युटरवर तिच्याइतका हात कोणाचा नव्हता. मी तिला म्हटलं, "आता मला शिकव. ते पान जपून ठेवणं म्हणजे काय?"

तिने समजावलं. इंटरनेटवर काही जागा अशा आहेत की आवडलेल्या पानाची आपण तिथं खूण करून ठेवायची, पोथीत मोरपीस ठेवतात तशी. फरक इतकाच की ही खूण जगाला दिसते. अमक्या पानावर इतक्या जणांची खूण आहे म्हटल्यावर नवा माणूस विश्वासाने तिकडे जातो. मग तेच पान फेसबुकवर, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतं. धंदेवाले आपली वेबसाईट लोकांपर्यंत न्यायला हाच रस्ता वापरतात, आणि सरळ वापरला तर त्यात काही गैर नाही.

"आणि खूण करणारा तोच, विकणारा तोच असला तर?"

"तर कळत नाही, काका. नावं वेगवेगळी घेता येतात."

मला एकदम हायसं वाटलं, कारण हे मला माहीत होतं. जत्रेत जडीबुटीवाला चादर पसरून बसतो तेव्हा समोरची पहिली चार माणसं त्याचीच असतात. एक लंगडत येतो, तेल लावून घेतो, चालत जातो. गर्दी गर्दीला बघून वाढते. असे किती मी खर्डीपासून म्हशाच्या जत्रेपर्यंत उठवलेत. त्यात माझी एक पद्धत होती. औषधवाल्याकडे बघायचंच नाही. गर्दीतला पहिला गिऱ्हाईक कोण ते बघायचं. तो निघून कुठं जातो, कोणाच्या टपरीवर चहा पितो, ते बघायचं.

"ह्या चौदातला पहिला कोण?" मी विचारलं.

शिपाईने तारखा लावून बघितलं. पहिलं खातं एका बाईच्या नावाचं. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल.

"हिने आणखी कशाकशावर खुणा केल्यात?"

लांबलचक यादी निघाली. सगळी विकाऊ पानं. केस वाढवायचं तेल, वजन उतरवायची पावडर, नोकरी मिळवून देणारे. ती वरचीच पानं बघत होती. मी म्हटलं, "तळाला जा."

"काका, तळाला जुनं असणार. त्याचा काय उपयोग?"

"माणूस नवं पेन घेतो तेव्हा पहिलं काय लिहितो?"

ती थांबली. "स्वतःचं नाव."

"मग तळाला जा."

दुपार गेली त्यात. ती खाली खाली सरकत होती आणि मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. जाणारे-येणारे बघून हसत होते. एकाने टोमणा मारला, "काय जमादार, निवृत्तीनंतर सायबर कॅफे काढताय का?" आणि शेवटी तळ आला. कितीतरी वर्षं जुनी, सगळ्यात पहिली खूण. एका कबड्डी मंडळाचं पान होतं. खर्डीकडचं गाव. त्या खात्याचं आज बाईचं नाव होतं, पण ते उघडलं तेव्हा त्याच्या मालकाने आपल्या गावच्या मंडळाची खूण आधी केली होती. नाव पुसून गुलाब लावला, पण तळ साफ करायचं त्याला सुचलंच नव्हतं.

टोमणा मारणारा आमच्या मागेच उभा होता. तो हळूच निघून गेला.

शहापूर तालुक्यात जायचं म्हणून स्टेशन डायरीत नोंद केली, तिकडच्या ठाण्याला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत त्या गावी गेलो. मंडळाच्या कट्ट्यावर चार-पाच खेळाडू बसले होते. मी चोर-बिर काही विचारलं नाही. म्हटलं, "आमच्या गावाला सामने भरवायचेत. तुमच्या मंडळाचं इंटरनेटवरचं पान बघितलं. एक नंबर! असं आमाला कोण करून देईल?"

"आमचा जुना रेडर हाय ना!" एकजण छाती काढून म्हणाला. "त्यानंच केलंय. आता कल्याणला त्याचाच धंदा हाय. तुमचं दुकान गावात असलं तरी जगाला दिसनार, असलं काम करतो तो."

"आज कुठं भेटेल?"

"घरीच हाय. थांबा, बोलवतो."

गावाने हाक मारून आरोपी माझ्यासमोर आणून बसवला. पस्तिशीचा, नीटनेटका माणूस. त्याला ठाण्यात आणला. मी चहा मागवला आणि त्याच्या कामाचं विचारलं. आयुष्यभर एक गोष्ट बघितली आहे. हात उगारला की माणूस मिटतो. त्याच्या कलेचं कौतुक करा, तो आपोआप उघडतो.

"साहेब, वेबसाईट बनवून काय होत नाय," तो सांगू लागला. "ती रानात दुकान टाकल्यासारखी. तिकडे रस्ता न्यावा लागतो. आज इथं खूण, उद्या तिथं पोस्ट, परवा दुसऱ्या नावाने कौतुक."

"पण चौदा नावं सांभाळायची म्हणजे माणसं किती लागत असतील!"

"कशाला माणसं? मी एकटाच सगळी—"

तो थांबला. कपातला चहा तसाच राहिला. चौदा हा आकडा त्याने सांगितलेलाच नव्हता, मी मुद्दाम टाकला होता, आणि त्याने तो मान्य केला होता.

मी वैदूबाईचा फोटो टेबलावर ठेवला. फोटोच्या कोपऱ्यात काहीतरी काळं, गोल होतं. आमच्या शिपाईला ते बोट वाटलं होतं. मी मात्र बघताक्षणी ओळखलं होतं. जीपचा आरसा. फोटो जीपच्या पुढच्या सीटवरून काढलेला होता. आमच्याकडे जीपवाला पुढची सीट कोणालाही देत नाही. ती मिळते मास्तरला, अवघडलेल्या बाईला, नाहीतर गावच्या जावयाला.

"धसईला सासरवाडी का?" मी विचारलं.

त्याचा चेहरा उतरला. "हो."

"मग ही बाई गावच्या नात्याने तुझी सासू लागत असेल. बघितलंस का कोणाचा फोटो लावलास?"

"मला काय माहीत ती कोण," तो खाली बघत म्हणाला. "जीप भरत होती. बाई दिसली, चेहरा विश्वासाचा वाटला."

त्या वाक्याचा मला जेवढा राग आला तेवढा नोकरीत क्वचित आला असेल. चेहरा विश्वासाचा होता, कारण ती बाई विश्वासाची होती. तिने तो जन्मभर बाजारात बसून कमावला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने जागा दाखवली. कल्याणला एका खोलीत त्याचा भागीदार तेल भरत होता. पंचनामा झाला, बाटल्या जप्त झाल्या, दोघांची नावं कागदावर गेली. मुदतीतला तिसराच दिवस होता. साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. आमच्या शिपाईशीही मिळवला, ते मी मुद्दाम लिहितो.

मी मोठ्या तोऱ्यात बाईच्या घरी गेलो. "धरला," म्हटलं.

तिने हात जोडले. मग म्हणाली, "बरा केलात. पन सायेब, त्याला कोठडीत घातलात, माझा फोटो अजून फिरतोय. तो कुठल्या कोठडीत घालनार?"

वेबसाईट बंद झाली होती, पण फोटो शंभर मोबाईलमध्ये गेला होता. केस सुटली होती, बाई सुटली नव्हती.

उत्तर आमच्या शिपाईने दिलं. म्हणाली, "काका, खोटं ज्या रस्त्याने गेलं त्याच रस्त्याने खरं पाठवू." साहेबांची परवानगी घेतली. बाईला टोपलीसकट ओटीवर बसवलं आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेतला. बाई कॅमेऱ्याकडे बघून आपल्याच बोलीत म्हणाली, "मी वैदीण नाय. मी तेल इकत नाय. धसईच्या बाजारात मी करांदं इकते. खोटं वाटत असंल तर येऊन बघा."

पोलिसांच्या पानावर तो टाकला. पण एका पानाने रस्ता होत नाही, हे तो आरोपीच सांगून गेला होता. मी पुन्हा त्या कबड्डीच्या गावी गेलो. ह्या वेळी वर्दीत. पोरं मान वर करेनात. मी म्हटलं, "तुमच्या मंडळाच्या नावाने जे सुरू झालं, ते तुमीच धुऊन काढा." त्यांनी धुतलं. प्रत्येकाने आपल्या खऱ्या नावाने, आपल्या खऱ्या फोटोनिशी त्या व्हिडिओवर खूण केली. ह्या मंडळातून त्या मंडळात, भजनी ग्रुपात, भातगिरणीवाल्यांच्या ग्रुपात तो व्हिडिओ गेला. कोणाला काही द्यावं लागलं नाही.

पुढच्या बाजाराला मी धसईत उभा होतो. मुद्दाम गेलो होतो, खोटं कशाला बोलू. पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा तिच्या टोपलीसमोर येऊन उभा राहिला. नवऱ्या मुलाचा बाप. त्याने एक करांदा उचलला, हातात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "विहीणबाई, कसं दिलं करांदं?"

बाईने तराजू उचलला, पण तिला वजन करता येईना. शेजारणीने तिच्या हातातून तो घेतला.

ह्या केसने मला शिकवलं ते एवढंच. यंत्र नवं आलं तरी त्याच्यामागे बसलेला माणूस जुनाच असतो. तो नाव बदलतो, तोंड बदलतो, पण त्याने सगळ्यात आधी जे मनापासून केलं ते तळाला राहतं. शोधायची चिकाटी पाहिजे. आणि आरोपी धरला म्हणजे काम संपलं असं समजणारा पोलीस अर्धाच पोलीस. हे दुसरं मला त्या बाईने शिकवलं.

निवृत्तीच्या दिवशी आमच्या शिपाईने माझ्या मोबाईलवर खातं उघडून दिलं. आता मीही खुणा करतो. भाताच्या जाती, सांधेदुखीचे व्यायाम, कबड्डीचे सामने. यादी बरीच लांब झाली आहे. पण कोणाला मी कसा माणूस आहे ते बघायचं असेल, तर वरचं बघू नका. तळाला जा. तिथं टोपली घेऊन बसलेली एक बाई आहे, अर्ध्या मिनिटाची.

मी केलेली पहिली खूण तिची आहे.