नीटनेटक्या घरात खाट नको

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या महिला मंडळाची पाडव्याआधीची ‘कमी खर्चात नीटनेटकं घर’ स्पर्धा झाली. परीक्षक बाईंसोबत मीही यवतमाळात घरोघर फिरले. बक्षीस होतं रॉकेलचा स्टोव्ह.

तो माझ्या शेजारच्या विमलला हवा होता, कारण चुलीच्या धुरानं तिचे सासरे खोकून बेजार होतात. तिच्या दोन खोल्या चुन्यानं पांढऱ्या झाल्या होत्या. तुपाचे रिकामे डबे घासूनपुसून फळीवर लावलेले, जुन्या लुगड्याचे पडदे. आणि खाटेवर आजारी सासरे.

“दिवसा अंथरूण दिसता कामा नये. यांना तासभर शेजारी बसवा,” परीक्षक बाई म्हणाल्या.

“मामाजीले कायले उठवू? घर त्यायचंच हाय,” विमल म्हणाली.

खाटेवरून म्हातारा बोलला, “मले माळ्यावर टाक वं पोरी, तिथं जागा हाय.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी गुण कापले.

स्टोव्ह गेला एका वकिलीणबाईंकडे, ज्यांच्या स्वयंपाकघरात एक आधीच आहे. त्यांची मागची खोली खरंच मोकळी होती. “सासूबाईंना कालच बाभुळगावला नणंदेकडे धाडलं,” असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. परीक्षक बाईंनी याला ‘नियोजन’ म्हटलं.

दुपारी विमलनं सासऱ्यांची खाट ओढून अंगणात लिंबाखाली नेली आणि मग चूल पेटवली.

मला फक्त एवढं सांगा, घरातलं म्हातारं माणूस पसाऱ्यात मोजायचं, हे आपण कधी ठरवलं?