गुऱ्हाळघरातली शाळा

माझी धाकटी जाऊ भाद्रपदात गेली. विषमज्वर झाला होता. तेरा दिवस पडून होती, चौदाव्या दिवशी सकाळी गेली. तिच्याबद्दल लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. घरात लिहिणारी मी एकटीच आहे, म्हणून लिहिते. पण वही उघडली की पहिला शब्द दुःखाचा येत नाही, हेव्याचा येतो. तेव्हा तोच आधी लिहून टाकते.

मी साताऱ्याची. वडील पलटणीतून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. त्यांना वाचायचं वेड, त्यांनी मला फायनलपर्यंत शिकवलं आणि पुढं ट्रेनिंग कॉलेजातही धाडलं. लग्न होऊन आष्ट्याजवळच्या या गावात आले, तेव्हा नवरा लष्करात होता. उसाच्या मळ्यावरच्या घरात मास्तरीण सून म्हणजे गावाला नवलच. पण सासऱ्यांनी नोकरीला आडकाठी केली नाही. रोज अडीच मैल चालत मी आष्ट्याच्या मुलींच्या शाळेत जायची आणि अडीच मैल चालत परत यायची.

ट्रेनिंग कॉलेजात मी 'आदर्श शाळा' या विषयावर निबंध लिहिला होता. त्याला पहिला नंबर मिळाला. शाळेत उजेड हवा, छडी नको, मुलांनी हातानं काही करावं, गावं, चितारावं, आणि शिक्षकानं थोडं बोलून पुष्कळ ऐकावं, असं सगळं मी त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. तो निबंध माझ्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी होता. प्रत्यक्षात माझ्या वर्गात बावन्न मुली होत्या, एक खिडकी होती, आणि टेबलाच्या खणात छडी होती. मी ती फारशी वापरत नसे. पण वापरत होते.

माझ्यानंतर तीन वर्षांनी धाकटी घरात आली. ती मिरजेची. तिचे वडील तंबोरे बनवणाऱ्या एका कारखान्यात भोपळे घासायच्या कामावर होते. ती चौथीपर्यंत शिकलेली, हनुवटीवर गोंदलेले तीन ठिपके, बोलणं मोठ्यानं. लग्नात वडिलांनी तिला एक तंबोरा दिला. त्याच्या भोपळ्याला तडा गेला म्हणून गिऱ्हाइकानं तो नाकारला होता, त्यांनी तो सांधून घेतला होता. सासूबाई आल्या-गेल्याला सांगत, "लोकं लेकीला भांडी देत्यात. हिच्या बापानं भोपळा दिला. आता त्येची आमटी करावी का भाजी?" धाकटी त्यांच्याबरोबर हसायची. म्हणायची, "आत्याबाई, आमटीच करा. भाजीला लय जून हाय."

लढाईच्या मधल्या वर्षांत गावचा मास्तर भरतीच्या कचेरीत कारकून होऊन गेला. त्याच्या जागी आलेला माणूस हाताला येईल त्यानं मारायचा. धाकटीचा थोरला मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. एक दिवस तो सुजलेला तळवा घेऊन घरी आला आणि दुसऱ्या दिवशी गोठ्यात लपून बसला. धाकटीनं त्याला हाताला धरून बाहेर काढलं आणि म्हणाली, "नगं जाऊस. मी शिकवते तुला."

मला हसू आलं. ते मी लपवलंही नाही.

माझी मुलगी सहा वर्षांची होती. त्या जूनपासून तिनं माझ्याबरोबर आष्ट्याला यायचं ठरलं होतं. मी तिच्यासाठी नवी पाटी आणली होती, दप्तर शिवलं होतं. पहिल्या दिवशी ती दारापर्यंत आली आणि थांबली. "मी काकीच्या शाळेत जाणार," म्हणाली. मला वाटलं, पंधरा दिवसांत कंटाळेल आणि आपणहून येईल. तिचं दप्तर मी खुंटीला अडकवलं आणि एकटीच निघाले. आज मागं पाहिलं की त्या अडीच मैलांतलं पाऊल न् पाऊल आठवतं. मी मनात तिला काय काय दाखवायचं ठरवलं होतं, ते सगळं वाटेत तसंच उभं होतं.

पंधरा दिवस गेले, श्रावण गेला. ती आली नाही.

एक दिवस शाळा लवकर सुटली. मळ्याच्या वाटेनं घरी येताना गुऱ्हाळघरातून तंबोरा ऐकू आला. गूळ आमच्याकडे थंडीत निघतो. एरवी गुऱ्हाळघर रिकामं असतं. चुलवाण थंड, रस आटवायची मोठी काहील पालथी घातलेली, आणि धुरानं भिंती वरपासून खालपर्यंत काळ्या. मी दारात उभी राहिले. त्या काळ्या भिंतींवर चुन्याच्या निवळीनं आणि गेरूनं मुलांनी बैल काढले होते, ऊस काढले होते, मोट काढली होती. एवढी मोठी पाटी साऱ्या आष्ट्यात नव्हती. धाकटीची दोन्ही मुलं आणि माझी मुलगी, तिघं पालथ्या काहिलीवर बसून सूर लावत होती. नंतर धाकटीनं गुळाचा खडा चार जणांत वाटला आणि माझ्या मुलीनं टाळ्या वाजवत पावकी म्हटली. पाव, अर्धा, पाऊण, एक. माझ्या वर्गातल्या मुली पावकी म्हणतात तेव्हा त्यांचं लक्ष माझ्या टेबलाच्या खणाकडे असतं. हिचं लक्ष गुळाकडे होतं.

धाकटी बोलत जवळजवळ नव्हतीच. ती ऐकत होती. माझा निबंध तिनं कधी पाहिला नव्हता, पाहिला असता तर तिला तो धड वाचताही आला नसता. आणि तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझ्यासमोर जिवंत बसला होता, गुळाचा खडा चोखत.

तिनं मला पाहिलं. "आक्का, आत या की. दारात का हुब्या? फकस्त मदी बोलायचं न्हाई हं."

ती हे सगळ्यांनाच सांगायची, तिच्या नवऱ्याला, माझ्या दिरांनासुद्धा. मला ते माहीत होतं. तरी मला वाटलं, चौथी शिकलेली बाई ट्रेन्ड मास्तरणीला वर्गात कसं वागायचं ते सांगते आहे. मला काम आहे, असं म्हणून मी घरी आले. काम काहीच नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं ते आठवताना बरं वाटत नाही. जेवताना सगळ्यांदेखत मी मुलीला विचारी, "क पासून ज्ञ पर्यंत म्हण बघू." तिला येत नसे. धाकटी अक्षरं क्रमानं शिकवतच नव्हती. हाताला जे वळण सोपं ते आधी, म्हणून तिची ग आणि म पहिली. मी सासूबाईंकडे बघून म्हणे, "बघा. तीन महिने झाले, अजून मुळाक्षरं नाहीत." सासूबाई म्हणत, "आमच्या घरात दोन मास्तरणी. एक पगारी, एक फुकट. आन् पोरं फुकटवालीकडंच पळत्यात." धाकटी तेव्हाही हसायची. मी जेवण आवरतं घ्यायची.

त्याच सुमारास माझ्या नवऱ्याला पलटणीच्या पत्त्यावर मुलीनं कार्ड लिहिलं. अक्षरं वाकडी, निम्मी जागा चित्राची. मला न विचारता लिहिलं होतं. उत्तर आलं ते तिच्या नावानं: सुट्टी मिळाली की मी आधी तुझी काकीची शाळा बघायला येणार आहे. इतक्या वर्षांत माझी शाळा बघायला येतो असं त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. मीही कधी बोलावलं नव्हतं, हे आज सुचतं.

मग मी सांगलीहून रंगीत खडूंची पेटी आणली. रविवारी मुलीला जवळ बसवून आंबा काढायला शिकवला. आधी उभी रेघ, मग आडवी, मग आकार, मग देठ. तिनं शिकवला तसा काढला. "छान आहे," मी म्हणाले. "झालं?" तिनं विचारलं. मी मान हलवली. ती खडूंची पेटी उचलून पळाली. कुठं ते पाहायला मला उठावं लागलं नाही.

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा असते. विळे, कोयते, नांगराचा फाळ, नवऱ्याचा पलटणीतला जुना पट्टा, आणि एका पाटावर मुलांच्या पाट्या. पाट्यांवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची. एकदा पूजा झाली, फूल वाहिलं, की दसरा उजाडेपर्यंत पाटीला हात लावायचा नसतो. वाचायचं नाही, लिहायचं नाही. त्या वर्षी धाकटीनं आपला तंबोराही पाटाशेजारी ठेवला.

माझ्या मुलीनं सरस्वती काढली होती खरी, पण तिला तोंड होतं, हात होते, हातात तडा गेलेला तंबोरा होता. आणि हनुवटीवर तीन ठिपके होते.

सगळे हसले. दीर म्हणाले, "आगं, ही तर आपल्या घरातलीच निघाली! आता हिच्या पाया पडायचं व्हय गं मी?" धाकटी लाजून पदर तोंडावर घेऊन आत पळाली. मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे आनंदानं बघत होती. माझ्याकडेही बघितलं असेल. मला आठवत नाही.

दुपारी सगळे पुरणपोळी खाऊन पांगले. मी ओलं फडकं घेऊन देवघरात गेले, फूल बाजूला ठेवलं आणि पाटी पुसली. मग छापल्यासारखे रेखीव एक काढून जशी असते तशी सरस्वती काढली आणि फूल परत ठेवलं. पूजेतली पाटी पुसणारी मी. वर्गात एखाद्या मुलीनं त्या दिवशी पाटीला बोट लावलं तरी मी ओरडत असे.

दसऱ्याच्या सकाळी मुलं पाट्या घ्यायला गेली. मुलीनं पाटी उलटून दुसरी बाजूही पाहिली. रडली नाही. तिनं काकीला विचारलं, "काकी, देवीनं पुसलं का गं?"

धाकटीनं पाटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. घरात असे रेखीव एक दुसऱ्या कुणाला काढता येत नव्हते. "व्हय बाय," ती म्हणाली, "देवीच आसंल. मी कुटं आन् ती कुटं? तिला आवडलं नसंल." आणि पाटी तिच्या दप्तरात घातली.

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला ती माझ्याकडे आली. पाया पडली. खालीच बसून म्हणाली, "आक्का, पोरीला उद्यापासनं तुमच्यासंगं न्या. माजं काय, मला दिडकीच्या पाढ्याफुडं येत न्हाई. तुमी शिकल्याल्या." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला उत्तर देता आलं असतं.

मुलगी माझ्याबरोबर येऊ लागली. तिनं हट्ट केला नाही. अडीच मैल माझ्या मागून दोन पावलं ठेवून चालायची. वर्गात पहिली यायची. संध्याकाळी दप्तर टाकलं की गुऱ्हाळघराकडे जायची, आणि तिथून आली की तोंडावर जे काही असायचं, ते मला दिसेपर्यंत विझून गेलेलं असायचं. लढाई संपली, तिचे वडील घरी आले, त्यांनी काकीची शाळा पाहिली आणि माझी नाही. असे पाच हिवाळे गेले. दर हिवाळ्यात गुऱ्हाळाचा धूर भिंतींवरची चित्रं पुसून टाकायचा आणि पावसाळ्यात मुलं नवी काढायची. धाकटीला त्याचं वाईट वाटत नसे. ती म्हणायची, "भिंत काळी झाल्याबिगर चुना उठतोय व्हय?"

आजारात तिनं माझ्याजवळ त्या पाटीचा विषय काढला नाही. मी रोज तिच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होते आणि रोज ठरवत होते की आज बोलायचं. तेराव्या दिवशी तिला माणूस ओळखू येईना.

आज खंडेनवमी. दुखवट्याच्या वर्षात आमच्या घरी सण नाही. पाट मांडला नाही, पुरण घातलं नाही. दुपारी गुऱ्हाळघरातून तंबोरा ऐकू आला. मी गेले. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तारेखाली दोरा सरकवून ती तंबोऱ्याचा आवाज मोकळा करत होती, काकी करायची तसाच, मान एका बाजूला टाकून. काकीची दोन्ही मुलं काहिलीवर बसली होती. धाकट्याच्या मांडीवर पाटी होती.

मी दारातूनच म्हणाले, "तुला एक सांगायचं आहे. ती पाटी मी पुसली होती."

तिनं वर पाहिलं नाही. "ठाऊक आहे," ती म्हणाली. "रोज फळ्यावर तुझा एकाचा आकडा बघत होते की. शाळेत आले त्याच आठवड्यात ओळखला."

"काकीला विचारलं नाहीस?"

"विचारलं. ती म्हणाली, आईला विचारू नकोस, तिला सांगावंसं वाटलं की ती सांगेल." तिनं तार छेडून पाहिली. "मी वाट बघत होते. लय वर्षं लावलीस."

ते लय काकीचं होतं. आमच्या शाळेत मी तो शब्द बोलू देत नाही. पाच वर्षं माझ्या शाळेत बसून तिनं माझं सगळं घेतलं, आणि बोलताना तोंडात आलं ते काकीचं. मेलेल्या जावेचा मला पुन्हा हेवा वाटला. दारातच, उभ्या उभ्या.

धाकटा मुलगा माझ्याकडे बघत होता. तो मला थोरली आई म्हणतो. "थोरली आई, आत ये की," तो म्हणाला.

मुलीनं तंबोरा उभा धरला. "ये," ती म्हणाली. "पण मध्ये बोलायचं नाही."

मी आत गेले आणि काहिलीच्या कडेला बसले. सूर लागला तेव्हा तिघांची तोंडं उघडली. माझं मिटलेलंच होतं. मला गाता येत नाही. पण उठले नाही.