मोघेसरांचा कच्चा वर्ग

किस्से पातेल्याच्या बुडाला धरलेल्या खरवडीसारखे असतात. वाढताना दिसत नाहीत, घासायला बसलं की कळतं किती साठलंय. काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या मराठी घरांतून जन्मभर मी जेवणावळी रांधल्या, म्हणून मला असलंच काहीतरी सुचतं. शाळेत मी गेलो नाही. अक्षरं आईनं पोथीवर बोट ठेवून शिकवली, तेवढीच. तरी म्हातारपणी विद्यापीठात जाऊन बीजगणिताच्या वर्गात बसलो, ते मोघेसरांमुळे.

सर आमच्याच गल्लीतले. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. पण ज्या पोरांचं गणित अगदीच कच्चं, त्यांना पहिल्यापासून शिकवायला दुसरं कुणी तयार नसायचं, म्हणून तेवढा एक वर्ग सरांकडे राहिला होता. पुढे सर विसरायला लागले. आधी चष्मा, मग वार, मग रस्ता. एकदा पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून, रोज दिसणाऱ्या नावाड्यालाच स्वतःचं घर विचारत होते.

त्यांची सून मीना माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, वर्ग सोडा असं त्यांना म्हणवत नाही हो. त्या वर्गासाठी सकाळी उठतात, दाढी करतात, दोन घास खातात. तो गेला तर ते उठायचेच नाहीत. तुम्ही बरोबर जाल का?"

मला तरी दुसरं काय काम होतं? गल्ल्यांतून हळूहळू चालत मोठ्या रस्त्यापर्यंत, तिथून ई-रिक्शा. सर वर्गात शिरले की मी मागच्या बाकावर.

•

पहिल्याच दिवशी सरांनी मला उभं केलं. "दत्तोबा, एक संख्या आहे. तिच्यात पाच मिळवले तर बारा होतात. संख्या कोणती?"

मी घाबरलो. म्हटलं, "सर, ज्याची आहे त्यालाच विचारा की."

पोरं हसली. सर हसले नाहीत. ते वर्गाकडे वळून हिंदीत म्हणाले, "ठीक कहते हैं. वह बताता नहीं, इसीलिए तो यह विषय निकालना पड़ा."

त्या दिवसापासून हजेरीत शेवटी माझं नाव यायला लागलं.

•

मग एकदा गणित अर्ध्यावर असताना सरांचा हात थांबला. खडू फळ्याला टेकलेला, पाठ आमच्याकडे. वर पंखा कुरकुरत होता. मला वाटलं, झालं, आता हे वळतील आणि आपण कुठं आहोत म्हणून विचारतील.

तेवढ्यात इश्तियाक उठला. विणकरांच्या घरातला पोरगा, रोज उशिरा येणारा, सगळ्यात कच्चा. म्हणाला, "सर, एक डाउट है. यहाँ से दोनों तरफ पाँच घटाना है क्या?"

"हाँ, और क्या!" सर म्हणाले, आणि खडू चालू लागला.

बाहेर आल्यावर आमच्या गल्लीतली रेवती त्याला म्हणाली, "तुला येत होतं?"

"नहीं यार. तुक्का मारा."

दोघं तिथंच पायरीवर बसली. विभागाच्या मॅडम नव्या होत्या, कडक होत्या. सरांची एक जरी तक्रार गेली तरी वर्ग दुसऱ्याला देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेवतीनं ठरवून टाकलं. सर थांबले की पुढची पायरी प्रश्न करून विचारायची. पण त्यासाठी पुढची पायरी आधी माहीत पाहिजे. म्हणजे घरून अभ्यास करून यायला पाहिजे!

आठवड्याभरानं इश्तियाक कपाळाला हात लावून मला म्हणाला, "बाबा, अब्बू पूछ रहे थे, तबीयत तो ठीक है? रात को किताब खोले बैठे हो."

•

एकदा गडबड झाली. सर थांबले आणि तिघंजण एकदम उठले. तिघांचा एकच डाउट.

सरांनी चष्म्यावरून तिघांना न्याहाळलं. "एवढं येतं तर या वर्गात काय करताय? आजच ऑफिसला लिहून देतो, ह्यांना वरच्या वर्गात पाठवा."

पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले. इश्तियाक काकुळतीला आला. "नहीं सर, हम बहुत कमज़ोर हैं. कसम से."

"बैठो, बैठो," सर म्हणाले. "कमज़ोर हो तो डरने की क्या बात है?"

•

एका आठवड्यात सरांनी पहिलाच धडा पुन्हा पुन्हा शिकवला. तेच "मानू या", तेच पाच आणि बारा. पोरं पहिल्यांदा ऐकल्यासारखी माना डोलवत लिहून घेत होती. नव्यानंच आलेला एकजण कुजबुजला, "ये तो कल हुआ था."

रेवती मागं न बघता म्हणाली, "तुम्हारा हुआ होगा. हमारा आज हो रहा है."

•

हा किस्सा मात्र सांगवत नाही.

फळ्यावर कंसाचं गणित होतं. कंसाबाहेर तीन, आत क्ष उणे दोन, आणि बरोबरच्या पलीकडे बारा. सरांनी कंस तसाच ठेवला, बाहेरचा तीन पुसला आणि बाराचे चार केले. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कंस आधी सोडवायचा, असं सरांनीच शिकवलेलं. रेवती हलकेच म्हणाली, "सर, कंस सोडवायचा राहिला का?"

सर फळ्याकडे बघत राहिले. मग डस्टरही न घेता तळहातानं सगळं पुसलं. "असेल. माझंच चुकलं असेल हल्ली," म्हणाले, आणि पोरांच्या रीतीनं, लांबच्या वाटेनं, सहा उत्तर काढलं.

संध्याकाळी रेवती आमच्या दारात आली. पायरीवर बसली. म्हणाली, "आजोबा, सरांचं बरोबर होतं. दोन्ही बाजूंना तीनानं भागलं होतं त्यांनी. मीही तसं करून बघितलं, सहाच येतात. त्यांची वाट जवळची होती."

मी म्हटलं, "उद्या सांग त्यांना."

"काय सांगू? त्यांना आठवणार आहे का?" आणि रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. सरांना आठवलं नाही.

•

परतताना रिक्शात सर बहुतेक गप्प असायचे. एकदा आपणहून म्हणाले, "दत्तोबा, पोरं मला हाताला धरून पुढं नेतात ते मला कळतं बरं का. रोज नाही, पण कधीकधी कळतं."

मी त्यांच्याकडे वळलो.

"त्यांना सांगू नका," सर म्हणाले. "अभ्यास सोडतील."

•

परीक्षा तोंडावर आली होती. त्या दिवशी आम्ही वर्गात शिरलो, आणि सर टेबलाकडे गेलेच नाहीत. माझ्यामागून आले, माझ्याच बाकावर बसले. पिशवी मांडीवर घेतली, हात बाकावर ठेवले आणि दाराकडे बघत राहिले. थोड्या वेळानं सर मला हळूच म्हणाले, "अजून आले नाहीत वाटतं."

रेवती उठली. फळ्यापाशी गेली, खडू घेतला. "मान लीजिए," ती म्हणाली, आणि शिकवायला लागली.

नेमक्या त्याच वेळी मॅडम दारात. फळ्यावर मुलगी, सर मागच्या बाकावर. "ये क्या है? मोघे सर?"

सरांनी मान वर केली नाही. इश्तियाक ताडकन उठला. "मैम, सर ने आज रेवती को पढ़ाने को कहा है. खुद पीछे बैठकर देख रहे हैं, हमें कितना आया."

मॅडम फळ्यावरचं वाचत उभ्या राहिल्या. ओळीमागून ओळ वाचली. सगळं बरोबर होतं. "अच्छा तरीका है, सर," असं म्हणून गेल्या.

सर मन लावून ऐकत होते. मधेच त्यांनी हात वर केला. रेवतीनं विचारलं, "जी?"

"ये वाला फिर से बताइए," सर म्हणाले.

तिनं पुन्हा सांगितलं. शेवटच्या ओळीपर्यंत सांगितलं. सरांनी मान डोलावली. मग माझ्या कानाशी वाकले.

"दत्तोबा, या बाई फार चांगलं शिकवतात. ऑफिसात तुमची ओळख असेल तर सांगून ठेवा, यांना काढू नका म्हणावं."