मिठाची बंदूक

माशी मारण्यात मजा असते. नसते म्हणणारा एकतर खोटं बोलतोय, नाहीतर त्याच्याकडे आमच्यासारखी बंदूक नाही.

ही बंदूक नवऱ्याने मला वाढदिवसाला दिली. बायकोला काय द्यावं हे या माणसाला इतक्या वर्षांत कळलेलं नाही, पण या एका वेळी आंधळ्याचा बाण बरोबर लागला. पिवळ्याजर्द प्लॅस्टिकची, लांब नळीची, दिसायला निव्वळ खेळणं. वरचं झाकण उघडून आत स्वयंपाकाचं मीठ भरायचं, दट्ट्या मागे ओढायचा, चाप दाबायचा. फट्! चिमूटभर मीठ सुटतं आणि समोरची माशी गार. चपलेने मारली की भिंतीला डाग पडतो. इथे डाग नाही, काही नाही. माशी अख्खीच्या अख्खी पडते, पाय वर करून, फोटो काढण्यासारखी.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर गोड भाषेत ईमेल लिहायचं, की बाबांनो, जमलं तर एवढं बघता का. चार वाजेपर्यंत कुणाचा तरी जीव घ्यावासा वाटायला लागतो. तेव्हा मी लॅपटॉप बंद करायची आणि बंदूक घेऊन मागच्या लाकडी डेकवर जायची. अ‍ॅशबर्नमधली आमची टाऊनहाऊसेस म्हणजे पुढे पार्किंग, मागे थोडी झाडी आणि झाडीपलीकडे डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या भिंती. त्या दिवसरात्र गुणगुणतात. उन्हाळ्यात माश्या, आणि सप्टेंबर लागला की स्टिंकबग. ढालीसारखा चपटा, मातकट किडा. चिरडला की कुजक्या कोथिंबिरीचा वास घरभर. तो खिडकीच्या पडद्यावर इतका सावकाश चालतो की त्याला मारताना मला घाई करावीशी वाटायची नाही. आधी एक बार बाजूला, मग एक पुढ्यात. तो थांबायचा, वळायचा, मग दुसरीकडे बार. त्याला कळायचंच नाही कुठे जावं. शेवटचा बार मी अगदी जवळून द्यायची. वाईट वाटायचं का? मुळीच नाही. झोप छान लागायची.

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. तो लांबून मारायचा. लांबून मारलं की माशी मरत नाही, पंख तेवढा जायबंदी होतो आणि ती कठड्यावर भिंगरीसारखी गरगर फिरते. हे बघून तो आणि त्याचे मित्र पोट धरून हसायचे, व्हिडिओ काढायचे आणि माशी तशीच सोडून आत पिझ्झा खायला जायचे. मागे राहिलेली माशी निस्तरायची कुणी, तर मी. या माणसाचं सगळंच असं. गॅरेजमधलं कपाट अर्धं रंगवलेलं, जिमची मेंबरशिप अर्ध्यात कॅन्सल केलेली, माश्या अर्ध्या मेलेल्या.

माझे सासरे आले ते जूनमध्ये, नागपूरहून. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. बाबा बँकेतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले, ताठ, तोंडाने फटकळ. माझं त्यांच्याशी पहिल्यापासून जमतं, कारण आम्ही दोघंही एकमेकांना सोडत नाही. बंदूक पाहून पहिल्याच दिवशी ते म्हणाले की अन्नात घालायची वस्तू किड्यांवर उधळायची, बाप्पा, काय हे लोक. मी त्यांच्या हातात ती ठेवली आणि समोरची माशी दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ते डेकवर खुर्ची टाकून बसलेले, मांडीवर बंदूक, शेजारी आमिष म्हणून टरबुजाची साल.

माझ्याहून निर्दय निघाले. माशीला ते आधी पोटभर खाऊ द्यायचे. ती पाय चोळायला लागली, निवांत झाली, की मग बार. नेम असा, की मलाही हेवा वाटावा. पण एक मात्र होतं, जखमी माशी त्यांना चालायची नाही. एखादी फडफडत राहिली तर स्वतः उठून तिला संपवायचे. मुलाने लांबून मारून सोडलेल्या माश्या पाहिल्या की त्यांचं डोकं फिरायचं. मारायचं तर नीट मार, नाहीतर जाऊ दे, ही काय पद्धत झाली, असं ते मला ऐकवायचे. मुलाला नाही. मुलाशी त्यांचं बोलणं हवामान आणि औषधं यापलीकडे जायचंच नाही.

त्यांना दिवाळीला परत जायचं होतं. नागपूरला त्यांचा फ्लॅट, सकाळी बागेत जमणारे मित्र, पेपर, कटिंगवाला न्हावी, भाजीवाली, जिच्याशी ते रोज भांडतात. इथे त्यांना कुणी भांडायला नव्हतं, मी सोडून. नवऱ्याचं म्हणणं, आता परत जायचं नाही, ग्रीनकार्ड करून इथेच राहायचं. एकटे पडाल, गॅस चालू राहील, रात्री काही झालं तर कोण बघेल. खरं तर मित्रांत सगळ्यांचे आईवडील येऊन राहिले होते आणि आपला बाप एकटा राहतो हे याला चारचौघांत सांगायला कसंतरीच वाटायचं. मी तसं बोलून दाखवलं तर दोन दिवस अबोला.

बाबांचा उजवा हात थरथरतो, हे खरं. चहाची बशी धरली की कप खुळखुळतो. आम्हाला सगळ्यांना ऐकू यायचं. कुणी बोलायचं नाही.

बोलला तो नवराच. एका रविवारी चार कुटुंबं जेवायला आली होती, सगळे डेकवर. बाबा सहज म्हणाले की दिवाळीचं तिकीट आता काढून टाकू, नंतर महाग होतात. त्यावर हा सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "बाबा, बशी धरता येत नाही तुम्हाला. एकटे काय राहणार?"

एका काकूंनी उगाचच रायत्याची चौकशी केली. मला नवऱ्याच्या डोक्यात ते रायतं ओतावंसं वाटलं. बाबांनी बशी खाली ठेवली, नीट, आवाज न करता. मग म्हणाले की ठीक आहे, बंदूक आण. एका बारात माशी पाडली तर दिवाळीला मी माझ्या घरी. नाही पडली तर तू म्हणशील तिथे राहतो, पुन्हा शब्द काढणार नाही. हा लगेच "डन" म्हणाला. बापाला सगळ्यांनी मिळून हसायची संधी, ती कोण सोडणार? मित्रांनी खुर्च्या वळवल्या, एकाने फोन काढला.

बंदुकीतलं मीठ मी सकाळी स्टिंकबगांवर संपवलेलं. नवरा आत गेला आणि भरून घेऊन आला.

आंब्याच्या रसाच्या वाटीच्या काठावर एक गलेलठ्ठ माशी बसली होती. बाबा उभे राहिले. बंदूक उचलली आणि मी बघत होते, हात स्थिर. थरथर नाही. ते नेहमीसारखे थांबले, तिला चाटू दिलं, पाय चोळू दिले. फट्! माशी पांढरीफटक झाली. डोळे, पंख, सगळं पांढरं. बार अगदी तिच्या अंगावर बसला होता. आणि ती तशीच उभी राहिली, डोकं झटकलं, मिशा पुसल्यासारखं केलं आणि उडाली.

काय हसले सगळे! नवऱ्याने टाळी वाजवली, म्हणाला की माशीने मेकअप करून घेतला. बाबांनी वाटीच्या काठावर बोट टेकवलं आणि ओठांपाशी नेलं. मला वाटलं, रस पुसतायत. मग बंदूक मुलाच्या हातात दिली आणि आत जाऊन बसले. संध्याकाळी त्यांनी नागपूरच्या मित्राला फोन करून सांगितलं, की मी आता इथेच राहतो आहे, बागेतली माझी खुर्ची कुणाला तरी द्या. आवाज अगदी साधा. मी भांडी लावता लावता ऐकलं.

त्यानंतर त्यांनी बंदुकीला हात लावला नाही. टरबुजाची साल नाही, डेक नाही. टीव्हीसमोर बसायचे, बंद टीव्हीसमोरसुद्धा. मी मुद्दाम टोमणे मारून पाहिले, भाजीला नावं ठेवायला वाव दिला. "छान झालीय," म्हणाले. त्या दिवशी मात्र मी घाबरले.

मग एका सकाळी ऑफिसची रोजची स्टँडअप मीटिंग ऐकता ऐकता मला खिडकीच्या पडद्यावर स्टिंकबग दिसला. त्या रविवारनंतर बंदूक कुणीच वापरली नव्हती. मी म्यूट केलं, जवळ गेले, बार दिला. तो चालतच राहिला. दुसरा दिला. अंगभर पांढरा झाला, तरी चालतोय आपला, जणू लग्नाला निघालाय. मी पडद्यावरचा तो पांढरा भुगा बोटाने टिपला आणि जिभेवर ठेवला.

रवा. बारीक रवा.

आमच्या ओट्यावर माझ्या आईने दिलेले दोन सारखे स्टीलचे डबे आहेत. डावा मिठाचा, उजवा रव्याचा. त्यावर चिठ्ठी नाही, कारण चिठ्ठी कशाला हवी? स्वयंपाक करणाऱ्याला माहीत असतं. आणि जो माणूस या घरात स्वतःचा चहासुद्धा करत नाही, त्याने झाकण उघडलं, पांढरं दिसलं, भरलं. रव्याने माशी मरते होय! उपमा होईल फार तर.

तळपायाची आग मस्तकात गेली. बेसमेंटमध्ये त्याचं ऑफिस आहे, तिथे धडकले. त्याला कॉल थांबवायला लावला, सांगितलं. आधी तो खो-खो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. मी म्हटलं, चल, वर जाऊन बाबांना सांग, चूक झाली म्हणून. त्याने स्क्रीनकडे तोंड वळवलं.

"जाऊ दे ना, यार. त्यांच्या भल्याचंच आहे. सेटल होतायत ते आता."

ऐकलंत? चूक डब्याची होती तोवर मी माफ केली असती. ही डब्याची नव्हती. मी वर आले. बाबांना परस्पर सांगणं सोपं होतं, पण मला ते याच्या तोंडासमोर करायचं होतं. मी तशीच आहे.

संध्याकाळी मी चहा डेकवर मांडला आणि दोघांना बोलावलं. बंदूक टेबलावर ठेवली, सगळा रवा कठड्यावरून खाली झटकला आणि दोघांच्या देखत मिठाचा डबा उघडला. नवरा माझ्याकडे डोळे वटारून बघत होता. मी बाबांच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि म्हटलं, आधी चाखून बघा.

त्यांनी चाखलं. मान हलवली. "हे मीठ आहे. त्या दिवशी रवा होता."

नवऱ्याचा चेहरा उतरला. चोरी पकडलेल्या पोरासारखा तोच उलट चिडला, की माहीत होतं तर तेव्हाच बोलला का नाहीत?

"तू बोलतोस का, ते बघत होतो."

हा म्हणाला, मला तरी कुठे माहीत होतं, आजच कळलं. बाबांनी विचारलं, कधी? याने माझ्याकडे पाहिलं, पण मी कशाला मदत करते? सकाळी, म्हणाला. बाबांनी झाडीकडे बघितलं. डेटा सेंटरच्या भिंतींवरचं ऊनही आता उतरलं होतं. "संध्याकाळ झाली," एवढंच म्हणाले.

मी बंदूक भरून त्यांच्यापुढे सरकवली. पैज अजून बाकी होती. त्यांनी ती उचलली, दट्ट्या ओढला आणि माशी शोधायला लागले. नवरा रागाने आमच्याकडे पाठ करून कठड्याला टेकला होता. त्याच्या डोक्यावर मागच्या बाजूला चांगलं बशीएवढं टक्कल आहे, आणि संध्याकाळच्या उजेडात ते घामाने चकाकत होतं. एक माशी आली, दोन गिरक्या घेतल्या आणि तिथेच बसली.

बाबा उभे राहिले. मी तोंडावर हात ठेवला. थांबा म्हणावं असं मनात आलं का? नाही आलं.

"हलू नकोस," बाबा म्हणाले.

तो हलला नाही. बापाने तसं म्हटल्यावर माणूस पन्नाशीतही हलत नाही. माशी पाय चोळत होती. बाबा नेहमीसारखे थांबले. फट्!

तो किंचाळला, दोन्ही हात डोक्यावर दाबून गोल फिरला, अगदी त्याच्या त्या कठड्यावरच्या माश्यांसारखा. टकलाच्या बरोबर मधोमध लालबुंद ठिपका उमटला होता. मीठ असं झोंबतं, हे त्याला पहिल्यांदाच कळत असावं. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

माशी मात्र बार सुटायच्या आधीच उडाली होती. ती साखरेच्या भांड्यावर बसलेली त्यालाच दिसली. डोकं चोळत, डोळ्यांत पाणी, पण तेवढ्यातही तो म्हणाला, "सुटली माशी. हरलात, बाबा."

बाबांनी बंदूक टेबलावर ठेवली आणि चहा उचलला. बशीत कप खुळखुळायला लागला.

"माशीवर नेम होता कुणाचा?" ते म्हणाले. "तिकीट काढ."