बाबलमामांचा निळा फ्यूज

व्यक्तिचित्र म्हटल्यावर तुम्ही डोळे पुसायला रुमाल काढून बसला असाल. ठेवा आत. हे बाबलमामांबद्दल आहे. ते इथे असते तर त्यांनी आधी विचारलं असतं, "रुमाल कोणाचो तो?"

मामा आमचे पेडण्यातले शेजारी. गाडी उभी केली की ते स्टिअरिंगखालचा फ्यूजबॉक्स उघडायचे, पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा निळा फ्यूज चिमट्याने उपटायचे आणि कुठेतरी लपवायचे. रोज नवी जागा. म्हणजे चोर आला तरी गाडी सुरू होणार नाही! कुठला फ्यूज कशाचा हे झाकणावर छापलेलं असतं, तेही त्यांनी खिळ्याने खरवडून टाकलेलं. मी शेजारी बसलेलो असलो तर हुकूम यायचा, "तोंड थंय कर. कोणाचो भरवसो ना." मी मुकाट तोंड फिरवायचो. तिकडे खिडकीची काच होती, काचेत सगळं दिसायचं, खरवडण्याआधी झाकणावर छापलेलंही.

एका सकाळी त्यांच्या सुषमाची डिचोलीच्या शाळेत मुलाखत होती, आणि फ्यूज सापडेना. तांदळाचा डबा झाला, देवाच्या फोटोमागे झालं, पावांची पिशवीही झाली.

"बाबा, धा वाजता बोलयलां! गेली माजी नोकरी," सुषमा रडकुंडीला आली.

मला हसू आलं, आणि मामा माझ्याकडेच बघत होते. "तूंच काडलंस. दांत कित्याक दाखयता?"

मी हॉर्नचा फ्यूज उपटून पंपाच्या खाचेत बसवला. रंग तोच, म्हणजे ताकद तीच. गाडी सुरू! हॉर्न मात्र मुका, आणि डिचोलीपर्यंत वळणंच वळणं. मग काच खाली करून मीच तोंडाने हॉर्न झालो. आधी गाडीचा, मग बसचा, आणि समोर खनिजाचा ट्रक आला तेव्हा थेट ट्रकचाच. ट्रकवाला बाजूला झाला. मामांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

सुषमा वेळेत आत गेली. मला वाटलं, आता निदान चहा मिळेल. मामांनी बखोट धरलं.

"पंपाचो खंयचो, हॉर्नाचो खंयचो, कोणे सांगलां तुका? पाळत दवरता माजेर? आनी निमाण्या, शेवटच्या वळणार आवाज बसलो तुजो! समोर बस आसली. माजें चेडूं, माजी सुषमा गाडयेंत आसली मरे!"

असं ओरडतच त्यांनी पंपाचा फ्यूज उपटला आणि लपवायला शर्टाच्या खिशात हात घातला. घाईत कालचाच शर्ट घातलेला. हात बाहेर आला तो दोन निळे फ्यूज घेऊन.

मामा फ्यूजांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"हो फ्यूज माज्या बोल्सांत तूंच घातलंस!"